दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळ : तळ्याकाठी तीन दिवस करायचं काय

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून तोरणमाळला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यावरच्या थंड हवेच्या ठिकाणी, दोन रात्री राहायचा विचार आहे, सोबत ६८ वर्षांची आई आणि ११ नि ७ वर्षांची दोन पोरं, पण ओळखीचे सगळे सांगतायत की तिथं एक तळं आणि दोन-चार पॉईंट आहेत, अर्ध्या दिवसात संपतं, मग उरलेला वेळ करायचं काय. मी तोरणमाळच्या पायथ्याकडच्या शहाद्याचा, गेली वीस-बावीस वर्षं शाळांची शिबिरं आणि घरगुती ग्रुप घेऊन वर जातोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मोठं झालं तरी वाचा, कारण अर्ध्या दिवसात संपवून परत जाणारी माणसं मी दर दिवाळीला बघतो आणि दरवेळी वाईट वाटतं.

त्यांचं चुकतं कुठं तर वेळेत. सकाळी अकराला वर पोचायचं, भर उन्हात यशवंत तलावावर फोटो काढायचे, बाराला सीताखाईची दरी, एकला जेवण, तीनला घाट उतरायला सुरुवात. ताई, शरद ऋतूत तोरणमाळचा हाच वेळ सगळ्यात फिका असतो. ऊन डोक्यावर, पक्षी गप्प, कमळं मिटायला लागलेली, दरीत धुरकट. जे बघायचं असतं ते सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर, आणि अंधार पडल्यावर तर वेगळंच. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी कुठं जायचं ते नंतर सांगतो, आधी कितीला उठायचं ते सांगतो.

आधी आठवडा कोणता ते बघा. तुम्ही नुसतं दिवाळी म्हणालात, पण दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते कधी नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि वरचं चित्र त्या चार आठवड्यात पार बदलतं. ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस नुकताच गेलेला असतो, गवत कमरेएवढं आणि अजून हिरवं, ओढ्यांना पाणी, सीताखाईत धार, फुलपाखरं भरपूर, पण दुपारी घामटा निघतो आणि एखादी वळवासारखी सर येऊ शकते. नोव्हेंबर लागला की गवत पिवळं पडतं, हवा स्वच्छ होते, लांबच्या डोंगररांगा दिसायला लागतात, थंडी सुरू, पण धबधबा म्हणाल तर बारीक होत होत नुसती ओल राहते. पोरांना पाणी आणि किडे-फुलपाखरं आवडत असतील तर लवकरचा आठवडा, आईला गुडघ्यांना थंडी सोसत असेल आणि तुम्हाला आकाश नि पक्षी बघायचे असतील तर उशिराचा. मला स्वतःला विचाराल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, पण तो माझा स्वभाव झाला.

थंडीचं गणित सोपं आहे. साधारण हजार मीटर वर चढलं की हवा सहाएक डिग्रीनं उतरते आणि शहादा ते तोरणमाळ चढ जवळपास तेवढाच आहे. म्हणजे खाली ऑक्टोबर हीटनं जीव नकोसा झालाय तेव्हा वर दुपार सुसह्य असते, पण रात्री अंगात स्वेटर नसेल तर झोप लागत नाही. तळ्याचा भाग सभोवतीच्या टेकड्यांच्या मध्ये खोलगट आहे, वाऱ्याची नसलेली स्वच्छ रात्र असली की गार हवा जड होऊन त्या खोलग्यात साचते, त्यामुळे टेकडीवरच्यापेक्षा पाण्याजवळ जास्त गारठा. आईसाठी कानटोपी आणि पायमोजे आठवणीनं घ्या, पोरांसाठी तर घ्याच.

आता पहिल्या सकाळचं सांगतो कारण सगळ्या सहलीचा जीव तिथं आहे. नोव्हेंबरच्या मध्याला तिकडे सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या आतबाहेर. तुम्ही सहाला तळ्यावर हजर पाहिजे. नोव्हेंबरात त्या वेळी पाण्यावरून धूर निघतो. रात्रभर हवा गार झालेली असते पण दिवसभर तापलेलं पाणी अजून कोमट असतं, मग पाण्यावरची वाफ वर आल्या आल्या गार होऊन तिच्या धुक्याच्या चिंध्या होतात आणि त्या पाण्यावरून सरकत राहतात. ऊन आलं की अर्ध्या-पाऊण तासात सगळं गायब. रोज दिसेलच असं नाही, वारा असला किंवा ढगाळ असलं की नाही दिसत, म्हणून तर दोन रात्री राहा म्हणतो, एक सकाळ हुकली तर दुसरी हातात असते. तळ्याच्या काठाकाठानं जेवढं जाता येतं तेवढं हळूहळू चाला, आईला जमेल तेवढं जमेल, नाहीतर थर्मासमध्ये चहा घेऊन तिला एका जागी शाल पांघरून बसवा. माझी आई होती तोवर ती अशीच बसायची, तासभर, आणि आम्ही परत आलो की आम्ही चालून बघितलं त्यापेक्षा जास्त तिनं बसून बघितलेलं असायचं.

पाण्यावर टिबुकल्या दिसतील, छोटुकल्या बदकासारख्या, डुबकी मारली की कुठं वर येतील ते ओळखायचा खेळ पोरांना लावून द्या, अर्धा तास हलणार नाहीत. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो, वंचक काठाशी चिखलाच्या रंगाचा होऊन उभा असतो तो उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसतो, खंड्या असतोच. आणि शेपटी वरखाली हलवत काठावर पळणारा धोबी दिसला तर पोरांना सांगा की हा आपल्यासारखाच सुट्टीला आलेला पाहुणा आहे, हिमालय नि त्याच्याही पलीकडून पाऊस संपता संपता येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. कमळ तलावावर जायचं तर सकाळीच जा, कमळ पहाटे उमलतं आणि दुपारकडे मिटायला लागतं, आणि सिझनही ऑक्टोबरपर्यंतच, नंतर फुलं कमी आणि सुकी पानं जास्त.

चपट्या दगडानं पाण्यावर भाकऱ्या काढायचा खेळ आता पोरांना कुणी शिकवत नाही, तो शिकवा. फक्त पक्षी बसलेत त्या बाजूला नको.

बोटिंगचं विचारलंय तुम्ही. चालू असेल तर जरूर जा, पण सकाळी किंवा ऊन कलल्यावर जा, दुपारी वारा उठला की छोट्या होडीत मजा येत नाही. लाइफ जॅकेट घातलं म्हणजे झालं असं नसतं, सगळे पट्टे आवळून घ्यायचे आणि मग पोराला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचलून बघायचं. जॅकेट सरकून हनुवटीवर, कानावर आलं तर ते त्याच्या मापाचं नाही, पाण्यात पडला तर जॅकेट तरंगेल आणि पोरगं खाली जाईल. मापाचं नसेल तर पोराला बसवू नका, रडला तर रडू द्या. आणि पोहायला कुणीही उतरायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. तळाशी गाळ आहे, पाणवनस्पती पायात गुंततात, वरचं पाणी उन्हानं कोमट लागतं आणि हातभर खाली गेलं की एकदम गार, पायात गोळा आला की संपलं. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, शिबिरात कुणी न विचारता उतरला तर त्याच दिवशी घरी पाठवतो.

आता ज्याच्यासाठी मी स्वतः दर वर्षी जातो ते. आपल्या सातपुड्यात रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे, मुठीपेक्षा थोडं मोठं. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा पुरावा कुणाला मिळाला नाही, मधल्या काळात १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला जायचा पण तो चोरून लेबल बदललेला जुनाच नमुना निघाला, आणि जगानं हा पक्षी जवळपास संपला असं धरलं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं पक्षी-अभ्यासक शोधत शोधत आले आणि त्यांना तो सापडला कुठं तर आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात. ११३ वर्षांनी! आम्ही ज्या रस्त्यानं लहानपणापासून ये-जा केली त्या रस्त्याकडेच्या सागाच्या रानात. नंतर अभ्यासकांना तोरणमाळच्या राखीव जंगलात, यावलला, मेळघाटातही तो मिळाला. मी हे ऐकलं तेव्हा तरुण होतो, आणि खरं सांगतो, तेव्हापासून मी आपल्या डोंगराकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

हे घुबड दिवसा फिरतं, म्हणून पोरांना घेऊन बघायचा चान्स असतो. सकाळी थंडीत सागाच्या उंच निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतं. गावात दिसणारा नेहमीचा पिंगळा वेगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पोट खाली पांढरंशुभ्र, पंखावर रुंद पट्टे आणि शेपटी झटके देत आडवी हलवायची सवय. दिसेलच अशी गॅरंटी मी देत नाही, दहा सकाळींपैकी किती वेळा दिसतो ते विचारू नका, पण शोधण्यात जी सकाळ जाते ती वाया जात नाही. एक विनंती, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा कुणी आपल्या हद्दीत घुसला, मग तो शिकार सोडून भांडायला येतो, घरटं-पिल्लं उघडी पडतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज पाच गाड्या येऊन हेच करायला लागल्या तर तो जागा सोडून जातो. २०१८ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त यादीतून एक पायरी खाली आणून संकटग्रस्त म्हटलंय, म्हणजे परिस्थिती थोडी बरी आहे असं समजतात, पण रान तुटतंय तोवर धोका आहेच.

फुलपाखरांसाठी पक्ष्यांसारखं पहाटे उठायला लागत नाही, त्यांना ऊन लागतं, म्हणून नाश्ता करून नऊ-दहाला निघा. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर ती घोळक्यानं बसून क्षार शोषतात आणि खुळखुळ्याच्या सुकायला लागलेल्या झुडपांवर निळ्या-काळ्या फुलपाखरांची झुंबड उडते, ती त्या झाडातलं कडू द्रव्य चोखून घेतात, नरांना ते माद्यांना आकर्षित करायला आणि पक्ष्यांना आपण बेचव लागावं म्हणून उपयोगी पडतं. मोठ्या पोराला वही-पेन्सिल द्या, चित्र काढायला सांगा, फोटोपेक्षा लक्षात राहतं.

गवतात जाताना मात्र काळजी घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. कुसळी गवताची कुसळं मोज्यात घुसून रडवतात हे एक, गोचीड लागते हे दुसरं, आणि तिसरं जे लोकांना माहीत नसतं ते म्हणजे पावसाळ्यानंतरच्या गवतात बारीक माइट असतात त्यांच्या चावण्यातून स्क्रब टायफस होतो. गवतावर थेट बसू-लोळू नका, सतरंजी टाका, परत आल्यावर कपडे बदलून आंघोळ करा, आणि घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी कुणाला ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही जंगलात गवतात फिरलो होतो, वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. सापांचाही हा फिरतीचा काळ, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. आग्या मोहोळ कड्यांना लटकलेलं असतं, त्याच्या आसपास सेंट लावून, सिगारेट पेटवून जाऊ नका, आरडाओरडा करू नका.

पॉईंटांबद्दल. सीताखाईला नक्की जा, पण ऊन कलायला लागल्यावर, तेव्हा दरीच्या भिंतीवर सावल्या पडून खोली कळते. कठड्याच्या पलीकडे जायचं नाही, पावसाळ्यानंतर कड्याची माती भुसभुशीत असते आणि वर गवत असल्यानं कडा कुठं संपतो ते दिसत नाही. मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरखनाथांचं मंदिर, तोरणादेवी ही आईला आवडतील, गोरखनाथांची महाशिवरात्रीची यात्रा मोठी भरते पण दिवाळीत तिथं शांतता असते. गुहेकडे उतार आहे, गुडघे दुखत असतील तर आईला वरच थांबवा. खडकी पॉईंट म्हणजे खरी पायपीट आहे, सात वर्षांच्या पोराला घेऊन मी नेणार नाही, मोठ्यांपैकी कुणाला जायचं असेल तर गावातला माहीतगार सोबत घेऊनच.

ते सोबत घेणं मी का एवढं सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी बारा जणांचा ग्रुप घेऊन दरीत उतरलो, वाट मला पाठ होती म्हणून कुणाला बरोबर घेतलं नाही. खाली ओढ्यावर मंडळी रमली, मी पण घाई केली नाही. नोव्हेंबरात पावणेसहालाच सूर्य बुडतो आणि दरीत तर तो चारलाच डोंगराआड जातो, हे माहीत असून मी धरलं नाही. चढायला लागलो तेव्हा सावली पडलेली, निम्म्या वाटेत अंधार, बारा जणांत दोन टॉर्च, वाळलेल्या गवतावरून पाय सटकत होते आणि त्यात एका काकांचा घोटा मुरगळला. वरून एक पावरा आदिवासी मुलगा गुरं घेऊन चाललेला, त्यानं आमच्या टॉर्च बघितल्या आणि उतरून आला, काकांना पाठुंगळी घेतलं आणि अशा वाटेनं वर काढलं जी मला दिवसाही दिसली नव्हती. माझी चूक होती, पूर्ण माझी. तेव्हापासून माझा नियम, दुपारी दोनला जिथं असू तिथून परत फिरायचं, समोर काहीही राहिलं असलं तरी, आणि गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय दरीत पाऊल नाही. म्हातारी माणसं आमच्याकडे म्हणतात ना, कसाले घाई करतस भो, ते बसल्या जागी ठीक आहे, दरीत नाही.

माणूस घेताना पैसे आधी मोकळेपणानं ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या, तो त्याच्या शेतीच्या कामाचा दिवस मोडून येतो. हा काळ त्यांच्या सुगीचा आहे, मका, ज्वारी, भादी, मोर असली धान्यं काढायची चालू असतात. खळ्यावर गेलात तर विचारून जा, फोटो काढायचा तर विचारून काढा, पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. तुमच्या पोरांना त्यांच्या पोरांशी खेळू द्या, भाषा वेगळी असली तरी तासाभरात काहीतरी जमतंच.

संध्याकाळ झाली, अंधार पडला की बाकीचे लोक खोलीत जाऊन मोबाईल बघतात. तुम्ही दिवाळीला जाताय म्हणजे अमावस्येच्या आसपास, चंद्र नाही, यापेक्षा चांगलं काय पाहिजे. लाइटांपासून थोडं लांब मोकळ्या जागी सतरंजी टाका, मोबाईल बंद, वीसेक मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मध्ये कुणी स्क्रीन लावली की परत वीस मिनिटं मोजायची. सात-साडेसातला पूर्वेच्या बाजूला वर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा. नोव्हेंबरात पूर्वेला खाली कृत्तिकांचा घोस नुकता वर आलेला असतो, ऑक्टोबरात त्यासाठी आणखी थोडं थांबावं लागतं, पोरांना मोजायला लावा, सहा दिसतात की सात यावर भांडतील. उत्तरेला शर्मिष्ठेची इंग्रजी एमसारखी आकृती. भाद्रपदा चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून शर्मिष्ठेच्या दिशेला जाताना मध्ये एक पुसटसा धुरकट ठिपका दिसतो, ती देवयानी दीर्घिका. साध्या डोळ्यांनी. मोठ्या पोराला सांगा की तो उजेड तिथून निघाला तेव्हा २५ लाख वर्षांपूर्वीची पृथ्वी होती. मी शिबिरात हे सांगतो तेव्हा मुलं गप्प होतात, दरवेळी. फटाके मात्र वर नेऊ नका, घरी उडवा. आवाजानं रान हादरतं आणि नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पडली की वणवा. शेकोटीही राहण्याच्या ठिकाणी ठरवून दिलेल्या जागेवरच, आणि उठताना पाणी ओतून.

जेवणाचं. भरीत पार्टीची आशा धरून आला असाल तर आधी आईला विचारा, चातुर्मासाचा वांग्याचा नेम असेल तर चंपाषष्ठीपर्यंत त्यांना चालणार नाही, आणि खरं तर भरीताची वांगी पण थंडी पडल्यावरच चवीला येतात. नेम नसेल आणि नोव्हेंबर असेल तर खालून येतानाच हिरवी वांगी, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात घेऊन या, काड्यांवर भाजून, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात ठेचून, सोबत कळण्याची भाकरी. नेम असेल तर वरण-बट्टी करायला सांगा, थंडीत शेकोटीजवळ बसून तुपात बुडवलेली बट्टी, पोरं पण खातात.

सीताफळाचा सिझन हाच. रस्त्याकडेला बायका टोपल्या घेऊन बसतात, गावठी, छोटी पण गोडीला जबरदस्त. घरी न्यायची तर डोळे उघडलेली, डोळ्यांमधल्या रेघा पिवळसर झालेली पण हाताला टणक अशी घ्या, गवतात किंवा गोणपाटात ठेवा, दोन-चार दिवसांत पिकतात. कच्ची फ्रिजमध्ये ठेवू नका, काळी पडतात आणि पिकत नाहीत. आज खायची तर मऊ घ्या. बिया पोरांना फोडू देऊ नका, त्या चुऱ्याचा हात डोळ्याला लागला तर डोळा गंभीर दुखावतो. भाव फार पाडू नका ताई, ती फळं डोंगरउतारावरून डोक्यावर आणलेली असतात. धडगावकडचा आमचूरही चांगला, मिळाला तर घ्या.

जाण्याचं थोडक्यात. शहाद्यापासून म्हसावद, राणीपूर करत पन्नासेक किलोमीटर, शेवटी सातपायरी घाट. डिझेल-पेट्रोल आणि रोख पैसे खालीच शहाद्यात घ्या, वर मोबाईलची रेंजही भरवशाची नाही. घाट दिवसाउजेडी चढा, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, न्यूट्रल अजिबात नाही. पोरांना गाडी लागते असं लिहिलंय, तर पोटभर नाश्ता करून घाटात शिरू नका, थोडंसं कोरडं खाऊ द्या, आईला पुढे बसवा आणि गोळी द्यायची असेल तर ती शहाद्यातच द्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. एसटी पण जाते शहाद्याहून. राहायला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, वनविभागाची विश्रामगृहं आहेत, पण दिवाळीत मिळायची मारामार, महिनाभर आधी बुकिंग करा, आणि वेळेवर नाही मिळालं तर जंगलात तंबू टाकायचा विचार करू नका, वनविभागाच्या परवानगीशिवाय ते चालत नाही.

तुमच्या मिस्टरांना सायकलवर घाट चढायचाय असं शेवटी लिहिलंय. रोजची सवय असेल तर छान रस्ता आहे, पहाटे निघून ऊन तापायच्या आत वर, तीन लिटर पाणी, आणि उतरताना ब्रेक धरून ठेवायचा नाही, पुढचा-मागचा आलटून पालटून मारायचा, रिम तापली की ट्यूब फुटते. सवय नसेल तर वरच तळ्याच्या आसपास चालवा. आणि त्यांना खरंच दमायचं असेल तर दिवाळीतच धनत्रयोदशीला तळोद्याकडून अस्तंबा ऋषींची यात्रा निघते, अश्वत्थामा अजून त्या डोंगरात जखमेला तेल मागत फिरतो अशी श्रद्धा, हजारो माणसं रात्रीची चालत डोंगर चढतात. पण ती यात्रा आहे, ट्रेक म्हणून नाही, श्रद्धेनं चालणाऱ्यांच्या ओळीत ओळ धरून चालता येत असेल तरच जावं.

परतीच्या दिवशी सकाळी परत तळ्यावर जा, सामान बांधायच्या आधी. मग नाश्ता करून नऊला घाट उतरा. खाली शहाद्याच्या पट्ट्यात पपई, केळी, ऊस आणि कपाशी फुटलेली पांढरीशुभ्र, वेचणीला बायकांच्या रांगा. नोव्हेंबर असेल तर नाशिकला सरळ न जाता थोडा फेरा मारून नंदुरबारवरून जा, बाहेरच्या मोकळ्या मैदानांवर मिरचीच्या पथाऱ्या घातलेल्या असतात, एकरच्या एकर लाल, गाडीच्या काचा उघडल्या की ठसका लागतो, पोरं शिंकून शिंकून हसतील. तिथून दोंडाईचाच्या बाजूला लागलात की सपाटीवर अचानक भिंतीसारख्या लांबच लांब सरळ टेकड्या दिसतात, त्या लाव्हा जमिनीच्या भेगांत घुसून थिजल्यानं झालेल्या आहेत, आजूबाजूचा खडक झिजला आणि या उभ्या राहिल्या. मोठ्याला गाडीतून मोजायला सांगा. आणि बुकिंग झालं की तारीख कळवा, त्या आठवड्याला सीताखाईत पाणी किती असेल ते आदल्या आठवड्यात वर जाऊन येणाऱ्या कुणाला तरी विचारून सांगतो.